चित्र अडलं तर काय करायचं: कलाविद्यार्थ्यांसाठी, एका अडलेल्या वर्षानंतर

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड, शाळेच्या फलकावर खडूने लिहिलेलं नाव, बारावीनंतर घरात दोन महिने चाललेली वादावादी आणि शेवटी कोल्हापुरात पेंटिंगच्या डिप्लोमाला प्रवेश. इथवरचा रस्ता तुमच्यापैकी अनेकांचा असाच असेल. माझाही होता. मी इचलकरंजीची. पहिलं वर्ष उत्साहात गेलं आणि दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर माझं चित्र थांबलं. साडेचार महिने मी एकही काम पूर्ण केलं नाही.

रोज संध्याकाळी खोलीवर येऊन कागद बोर्डाला चिकटवायचा, पेन्सिलला टोक करायचं, दोन रेषा मारायच्या, खोडायच्या. अकरा वाजेपर्यंत खोडरबराने कागदाची साल निघायची. मग तो काढून टाकायचा. सबमिशन जवळ आलं की जुन्याच कामांवर हात फिरवून वेळ मारून न्यायची. एका ज्युरीत, म्हणजे कामं मांडून होणाऱ्या तपासणीत, शिक्षक म्हणाले, ‘काम मेलंय तुझं.’ ते खोटं बोलत नव्हते, पण मेलेलं काम जिवंत कसं करायचं हे त्या दिवशी कुणीच सांगितलं नाही. ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी सापडलं. तुम्हाला एका जागी मिळावं म्हणून लिहिते आहे.

आधी साहित्य गोळा करा

मुद्दाम स्वस्त यादी देते. अडलेल्या माणसाने नवं महाग साहित्य आणलं की ते वापरायची भीती आणखी वाढते.

- शंभर पानांची साधी, बिनरेघी वही. हातात मावेल एवढी.
- दोन बॉलपेन. खोडता येऊ नये म्हणून पेन्सिल नको.
- न्यूजप्रिंटचे किंवा पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे, बोर्ड आणि दोन क्लिपा.
- चारकोलच्या, म्हणजे चित्राच्या कोळशाच्या, चार-पाच काड्या.
- जलरंगाच्या दोनच ट्यूब: अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना.
- एक जाड गोल ब्रश. बारीक ब्रश महिनाभर कपाटात.
- जुन्या पत्रिकेच्या पुठ्ठ्यात कापलेली चौकट, म्हणजे तुमचा व्ह्यूफाइंडर. तिच्यातून बघून चित्रात किती भाग घ्यायचा ते ठरतं.
- मोबाइलमधला टायमर.

1. नेमकं कुठे अडलंय ते आधी ओळखा

‘मूड नाही’ हे कारण मी साडेचार महिने सांगत होते. त्यातून काहीच कळत नाही, म्हणून उपायही सापडत नाही. तीन दिवस एक काम करा. बसलात की कितव्या मिनिटाला उठावंसं वाटलं आणि त्या क्षणी डोक्यात काय होतं, हे एका ओळीत लिहून ठेवा.

माझ्या आजूबाजूला मला अडण्याचे चार प्रकार दिसले. काहींना काय काढायचं हेच सुचत नाही. काहींना सुचतं, पण हात ऐकत नाही. दिसतं एक आणि उतरतं दुसरं. काही जण दमलेले असतात: सकाळी कॉलेज, दुपारी क्लासवर मुलांना एलिमेंटरी शिकवणं, रात्री लग्नाच्या रांगोळीचं किंवा भिंत रंगवायचं काम. त्यांना चित्राचा उपाय नकोच आहे, झोप हवी आहे. आणि काही जण घाबरलेले असतात.

मी स्वतःला पहिल्या प्रकारातली समजत होते. लिहून काढलं तेव्हा तिन्ही दिवशी जवळजवळ एकच ओळ आली: हे सरांना कसं वाटेल, हे टाकलं तर कुणी लाइक करेल का, हे प्रदर्शनात लागेल का. कागदावर रेष पडायच्या आधीच मी त्याच्याभोवती पाच-सहा माणसं उभी केली होती. शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर काढायचे तेव्हा तिथे कुणी नसायचं. पुढच्या बहुतेक पायऱ्या ही गर्दी हटवण्यासाठी आहेत.

2. एक वही कुणालाही दाखवू नका

यादीतली शंभर पानी वही यासाठी आहे. नियम तीनच. रोज एक पान. फोटो काढायचा नाही. पान फाडायचं नाही.

या वहीत चांगलं चित्र काढायचा प्रयत्न करू नका. काय काढायचं? डोळ्यांसमोर जे असेल ते. मी पहिले पंधरा दिवस खोलीतल्याच वस्तू काढल्या: स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेली ओढणी, मैत्रिणीची चप्पल, अर्धा कापलेला कांदा. कांदा सलग चार दिवस काढला. चौथ्या दिवशी तो सुकून आत ओढला गेला होता, पाकळ्यांमधल्या फटी रुंद झाल्या होत्या आणि त्या फटींच्या काळ्या आकारांवर मी अर्धा तास रमले. कितीतरी महिन्यांनी घड्याळ बघायचं विसरले होते. चित्र सामान्यच होतं. पण त्या रात्री मी शांत झोपले.

चित्र काढायचं नसेल तर लिहा. सकाळी आठवलेलं स्वप्न, एखाद्या भिंतीवरच्या ओलीचा आकार, दोन रंग शेजारी आल्यावर काय झालं ते. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे (1936–1995) अनेक वर्षं अशा वह्या लिहीत होते. त्यात विचार आहेत, छोटी रेखाटनं आहेत, आकारांविषयीच्या टिपा आहेत. 2019 मध्ये मुंबईच्या एनजीएमएमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा त्या वह्याही मांडल्या होत्या. कुलूप, किल्ली, पान, घड्याळ अशा रोजच्या वस्तू त्यांच्या चित्रांत इतक्या वेगळ्या का दिसतात, याचा थोडा अंदाज त्यातून येतो. त्यांनी त्या वस्तूंकडे फार वेळ पाहिलं होतं.

खबरदारी: चार-पाच दिवसांनी एखादं पान खरंच बरं उतरेल आणि ते स्टोरीला टाकावंसं वाटेल. टाकू नका. मी टाकलं होतं. दुसऱ्या दिवशीचं पान आपोआप ‘टाकण्यासारखं’ काढायला लागले आणि आठवडा वाया गेला.

3. हात सोडवा

हात जड झाला असेल तर डोक्याशी भांडून काही होत नाही. त्याला वेळच देऊ नये.

बोर्डावर न्यूजप्रिंट लावा, चारकोल घ्या, टायमर लावा. तीस सेकंदांची दहा रेखाटनं, एका मिनिटाची दहा, दोन मिनिटांची पाच, शेवटी दहा मिनिटांचं एक. रेष मनगटातून न मारता खांद्यातून मारा, म्हणजे उभं राहून, हात लांब करून. तीस सेकंदांत नाक-डोळे निघतच नाहीत. माणूस कुठे झुकलाय, वजन कोणत्या पायावर आहे, एवढंच पकडता येतं. तेवढंच पकडायचं आहे.

घरात मॉडेल नसेल तर एसटी स्टँड गाठा. आमच्या कॉलेजच्या कित्येक पिढ्या तिथेच घडल्या. तिथली माणसं हलतात, पण ठरावीक अवस्थांकडे परत येतात. कंडक्टर तिकिटाचं मशीन पोटाशी धरून पुन्हा तसाच उभा राहतो, शेंगावाला पाटी त्याच खांद्यावर घेतो, पिशवीवर बसलेल्या आजी दर दोन मिनिटांनी गाडीच्या दिशेने मान वळवतात. एक रेखाटन अर्धं सोडून दुसरं धरा आणि ती अवस्था परत आली की पहिल्याकडे या. एका पानावर सात-आठ अर्धवट माणसं झाली तरी चालेल.

मुलींसाठी दोन गोष्टी. शक्यतो दोघी मिळून जा आणि पाठ भिंतीला लावून बसा, मागून कुणी डोकावलं की लक्ष उडतं. कुणी विचारलं तर रेखाटनांची वही (ती गुपित वही नव्हे) उघडून दाखवा आणि सांगा, कॉलेजचा अभ्यास आहे. बहुतेक जण खूश होऊन आणखी ताठ बसतात. कुणी हरकत घेतली तर मात्र वाद न घालता वही मिटून पुढच्या फलाटावर जा.

याच्या जोडीला रोज एकदा ‘न बघता रेषा’ करा. वस्तूच्या कडेवरून डोळा मुंगीसारखा सरकवायचा, त्याच वेगाने पेन सरकवायचं आणि संपेपर्यंत कागदाकडे पाहायचं नाही. निघालेला चेहरा वेडावाकडा असेल. पण त्यात एखादी कानाची पाळी इतकी खरी उतरलेली असते की मुद्दाम काढून जमली नसती.

4. जपून ठेवलेला चांगला कागद वापरून टाका

ही पायरी माझ्या सगळ्यात जवळची आहे.

पहिल्या वर्षी वडिलांनी मला 300 जीएसएमचे, म्हणजे जाडजूड, पाच मोठे जलरंगाचे कागद घेऊन दिले होते. ते यंत्रमागावर काम करतात, त्यामुळे त्या पाच कागदांची किंमत मला चांगलीच ठाऊक होती. मी ते ‘चांगल्या चित्रासाठी’ म्हणून भिंतीतल्या कपाटात गुंडाळून ठेवले. कोल्हापूरचा पाऊस गेला. पुढच्या वर्षी काढले तर कागदावर बारीक पिवळट ठिपके. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, मारला तर रंग टीपकागदावर पडावा तसा जागच्या जागी शोषला गेला आणि मध्येच ठिगळं उमटली. ओलीने कागदाचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून असलेली खळ, गेलं होतं. पाचही कागद तसेच. मी कपाटासमोर बसून रडले. वडिलांना कधी सांगितलं नाही.

म्हणून आता असं करा. 22 × 30 इंचाचा पूर्ण कागद दुमडून, फाडून त्याचे आठ तुकडे करा. प्रत्येक तुकडा साधारण 7.5 × 11 इंचांचा होतो. एका कागदातून आठ संधी मिळतात आणि एकाही तुकड्यावर ‘आता आलं पाहिजेच’ असं ओझं राहत नाही. तुकडा बिघडला तर मागची बाजू आहेच.

उरलेला कागद पावसाळ्यात आडवा ठेवा, गुंडाळून नको. प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून, भिंतीला आणि फरशीला न टेकता, लाकडी फळीवर. आणि शक्य असेल तर पावसाळ्याआधी संपवाच.

आकार लहान केला म्हणून काम लहान होत नाही. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना 1984 मध्ये अपघात झाला आणि त्यानंतर काही काळ मोठे कॅनव्हास त्यांना शक्य नव्हते. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने कामं केली. ती पाहिलीत तर ती कुठूनही तडजोड वाटत नाहीत.

5. रंग दोनवर आणा

चोवीस ट्यूबांसमोर बसलं की निर्णय चोवीस पटींनी वाढतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून थंड राखाडीपासून गरम तपकिरीपर्यंत आणि जवळजवळ काळ्यापर्यंतचे सगळे टोन निघतात. पंधरा दिवस एवढ्यावरच काम करा. आधी फिक्यापासून गडदपर्यंत पाच चौकोनांची टोनची पट्टी, मग एखादी वस्तू, मग खिडकीबाहेरचं दृश्य. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा ओला असताना थोडा जास्तच गडद लावा. चित्र मळकं होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पहिला थर वाळायच्या आत घाबरून केलेली दुरुस्ती. ब्रश खाली ठेवा, चहा करून आणा.

6. नक्कल करा, पण कुणाची आणि कशासाठी ते ठरवून

नक्कल म्हणजे पाप असं कुणी सांगितलं असेल तर विसरा. 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या गुहांत बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यापैकी एक, जे पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजले गेले. त्या अंधाऱ्या गुहांत वर्षानुवर्षं एका बोटाची, एका भुवईची रेषा शोधणं हे केवढं मोठं शिक्षण असेल.

मी औंधला गेले होते. सातारा जिल्ह्यातल्या या गावात औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेलं श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे हातभर अंतरावरून बघता येतात, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं मातृत्वाचं शिल्पही आहे. रेखाटन केलेलं चालेल का ते दारावर विचारा आणि एकाच चित्रासमोर तासभर थांबा. पूर्ण चित्र उतरवू नका. एकच प्रश्न घेऊन जा: पदराची चुणी अंधारात कुठे विरते? पार्श्वभूमी आणि गाल यांच्यामधली कड कुठे स्पष्ट आहे, कुठे पुसलेली? उत्तर वहीत छोट्या चौकोनात काढा. फोनवर तीच चित्रं हजार वेळा पाहिली होती, पण कडा कधी दिसल्या नव्हत्या.

इथला सापळा: कोल्हापूरकडच्या मुलांना हे खास सांगते. पंचगंगेचा घाट, पाण्यातली देवळं, दोन बायका धुणं धुताहेत, डाव्या कोपऱ्यात झाड आणि आकाशाला एक निळा वॉश. इथल्या निसर्गचित्रणाची परंपरा मोठी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण ती हाताला इतकी सवयीची होते की घाटावर बसूनही आपण समोरचा घाट बघत नाही, सीनियरच्या चित्रातला घाट काढतो. माझं काम ‘मेलं’ होतं त्यातलं अर्धं असंच मेलं होतं. यावर मला उपयोगी पडलेला उपाय: घाटाकडे पाठ करून बसा. मागे उभ्या असलेल्या दुचाक्या, निर्माल्याचा ढीग, पुरात पाणी कुठवर चढलं होतं ते सांगणारी भिंतीवरची रेघ. त्यासाठी कुणाचा तयार वॉश आठवत नाही, म्हणून बघावंच लागतं.

व्हिडिओ डेमोबद्दलही हेच. दिवसाला एक, तोही ब्रश हातात घेऊन. पाच डेमो बघितले की काम केल्यासारखं वाटतं आणि कागद कोरा असतो.

7. चिडलात तर फाडू नका

मध्यावर आलेलं प्रत्येक चित्र कुरूप दिसतं. राग आला की चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा, मागे तारीख लिहा आणि दोन दिवस हात लावू नका. मग क्रमाने हे करा: आरशात उलटं बघा, तोल कुठे गेलाय ते लगेच दिसतं. फोनवर काळा-पांढरा फोटो काढा, टोन सपाट असतील तर कळेल. डोळे बारीक करून लांबून बघा. पुठ्ठ्याची चौकट चित्रावर फिरवा. कित्येकदा त्यातला एखादा चार इंचांचा तुकडा पूर्ण चित्रापेक्षा सरस असतो. तो कापून ठेवा. माझी पहिली विकलेली कलाकृती असाच एक तुकडा होता, फसलेल्या बाजाराच्या दृश्यातला ताडपत्रीचा कोपरा.

8. घर, पैसा आणि तुलना

याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. घरून ‘पुढे काय?’ असा फोन आला की त्या रात्री चित्र होत नाही, हे मला माहीत आहे. मी दर रविवारी आईला आठवड्याचं एक रेखाटन फोनवरून तोंडी सांगू लागले, कसं काढलं, कुठे बसून काढलं. दाखवलं नाही, फक्त सांगितलं. तिचे प्रश्न बदलले.

पोटासाठी दुसरं काम करावं लागलं तर ती हार समजू नका. बरवे विणकर सेवा केंद्रात जवळपास वीस वर्षं नोकरी करत होते, त्यातली काही वाराणसीत. मात्र दिवसातला एक तास ठरवून ठेवा. माझा सकाळी सहा ते सात होता, कारण तेव्हा फोन येत नाहीत.

9. हे फक्त चित्राचं नसेल तर

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप लागत नसेल, जेवावंसं वाटत नसेल, मित्रांना टाळावंसं वाटत असेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर वरच्या पायऱ्या बाजूला ठेवा. टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. दुःखातूनच मोठी कला येते असं सांगणारे भेटतील. माझ्या वर्गातला एक मुलगा ते ऐकत राहिला आणि उपचाराला फार उशिरा गेला. तो आता बरा आहे, चित्रही काढतो. तो स्वतःच सांगतो की त्या काळात त्याने एकही काम केलं नव्हतं.

10. पुन्हा दाखवायला लागणं

वहीची साधारण साठ पानं भरली की एक माणूस निवडा. शिक्षक असेलच असं नाही. ‘छान आहे’ म्हणणारा नको आणि तोडून टाकणाराही नको. ‘हे इथे असं का केलंस?’ असं विचारणारा हवा. त्याला वही दाखवू नका, वहीतून निघालेली तीन कामं दाखवा.

त्यानंतर प्रदर्शनासाठी पाठवायचं असेल तर तयारी ठेवा: प्रत्येक कामाचा उजेडात काढलेला सरळ फोटो, शीर्षक, माध्यम, इंचातलं माप, वर्ष, कॉलेजचं बोनाफाइड आणि ओळखपत्राची प्रत. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी विभाग वेगळा असतो. 1888 पासून चालत आलेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाकडेही लक्ष ठेवा. नाकारलं गेलं तर तारीख आणि कामाचं नाव एका कागदावर लिहा आणि तेच काम पुढच्या ठिकाणी पाठवा. माझ्या त्या कागदावर आज अकरा नोंदी आहेत. त्यातली दोन कामं नंतर दुसरीकडे लागली.

माझी तिसरी वही सध्या एकोणचाळिसाव्या पानावर आहे. काल त्यात वडिलांचे हात काढले, मागावर तुटलेला धागा जोडताना.